एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार मिळाला याचं एवढं काही वाटलं नाही, पण ‘पालकांच्या खिशाला कात्री लावायचा धंदा’ हे लागलं. म्हणून इथेच, सगळ्यांना दिसेल असं उत्तर देतो.

तुमचं म्हणणं असं की शाळा मुलांना आमच्याकडे आणते त्या तीन दिवसांच्या निवासी शिबिराची फी अवाच्या सवा आहे, एवढे पैसे घेऊन मुलांनाच ताटं घासायला लावली, मुलगी रात्री रडत होती तरी घरी फोन लावू दिला नाही, आणि ज्यांना पैसे भरणं जमलं नाही ती मुलं शाळेत रिकाम्या वर्गात बसून राहिली.

ताटांचं म्हणाल तर ती पुढेही मुलंच घासणार. तीन टब असतात: साबणाचा, साध्या पाण्याचा, गरम पाण्याचा. पहिल्या टबाशी कोणी उभं राहायचं यावरून रोज भांडण होतं आणि तिसऱ्या दिवशी ते त्यांचं त्यांनीच मिटवलेलं असतं. आमचा माणूस शेजारी असतो, पण मध्ये पडत नाही. यात आमची कामगाराची मजुरी वाचते असं वाटत असेल तर सांगतो, मुलांच्या मागे उभं राहण्यापेक्षा स्वतः घासणं केव्हाही लवकर होतं.

फी जास्त का, याचं उत्तर रात्रीत आहे. दिवसाची सहल संध्याकाळी संपते. इथे झोपायच्या खोल्यांबाहेर रात्रभर माणूस जागा ठेवावा लागतो, एक मुलींकडे, एक मुलांकडे. कोण कधी उठलं, कोणाला उलटी झाली, कोणाला औषध दिलं, सगळं वहीत लिहिलं जातं. तुमची मुलगी रडली तीही नोंद आहे. मुलींकडच्या आमच्या ताई तिच्याजवळ बसून होत्या आणि तिच्या बाईंनाही उठवलं होतं. झोपायच्या वेळी घरचा आवाज ऐकला की रडं बहुधा वाढतं, म्हणून रात्री फोन देत नाही. दुखलंखुपलं तर आम्हीच लगेच फोन करतो. हा नियम बदलणार नाही.

तीन दिवसांत मूल बदलून जातं, असं मात्र आमच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही. 1941 मध्ये शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समध्ये आउटवर्ड बाउंडची, म्हणजे साहसी निवासी शिबिरं घेणाऱ्या संस्थेची, पहिली शाळा काढली ती तरुण खलाशांसाठी, आणि तिथला कोर्ससुद्धा महिनाभराचा असायचा. आमच्याकडे मूल स्वतःचं अंथरूण घालतं, हरवलेला मोजा स्वतः शोधतं, न आवडणाऱ्या मुलाशेजारी झोपतं. माझ्या मते एवढंही पुष्कळ आहे. कोणाला ते पैशाच्या मानाने कमी वाटलं तर मी वाद घालणार नाही.

राहिला रिकाम्या वर्गाचा मुद्दा. तो तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि इथे मी तुमच्याच बाजूने आहे. इंग्लंडमध्ये 1996 च्या शिक्षण कायद्याप्रमाणे सरकारी शाळांना शाळेच्या वेळात येणाऱ्या निवासी सहलीसाठी राहण्या-जेवणाचेच पैसे सक्तीने घेता येतात, आणि ठरावीक सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबांना तेही माफ असतात. असा नियम नसेल तिथे सगळं शाळेच्या मनावर. आमच्या धंद्यात ठरावीक मुलांमागे एक शिक्षक ‘फुकट’ असतो. फुकट कसला, त्याचा खर्च मुलांच्या फीत वाटलेला असतो! शाळेने आधी सांगितलं तर याच हिशेबात एक-दोन मुलांच्या बिनफीच्या जागाही बसतात, आणि त्या कोणाच्या हे वर्गात कळत नाही. अर्थात भार बाकीच्या पालकांवर येतो, म्हणून पालकसभेत तो उघड मांडायला हवा. हप्तेही आम्ही देतो; पण तारखा शाळा ठरवते, आणि महिनाभर आधी चिठ्ठी हातात पडली तर हप्ते पाडायचे कुठे?

बूट, विजेरी, पाठीवरची सॅक यांचा वेगळा खर्च तुम्ही लिहिला नाहीत, पण तोही असतोच. विजेऱ्या आणि सॅक आमच्याकडे वापरायला मिळतात. शाळेला पाठवलेल्या यादीत तसं छापलंय, पालकांपर्यंत ती यादी पूर्ण जाते का, ते एकदा विचारा.

फीचा तपशील, म्हणजे जेवण, मुक्काम, माणसं आणि बस यांवर किती जातं, तो कागद तुमच्या शाळेकडे आहे. पालक म्हणून तुम्ही मागू शकता; शाळेने टाळाटाळ केली तर आमच्या ऑफिसातून घ्या.