मान्यता आहे ना वो?

नागपुरात मुलीने नोकरी सोडून पुढे शिकायचं ठरवलं की पहिला प्रश्न लग्नाचा येतो, असं ऐकून होते. मी सायबर सिक्युरिटीत मास्टर्स करायचं ठरवलं आणि कळलं, या विषयाच्या बाबतीत तसं होत नाही. पहिला प्रश्न मोबाईलचा येतो. मोठ्या काकांचा हँग होत होता. मावशीला शेजारणीचं व्हॉट्सॲप बघायचं होतं ("फक्त लास्ट सीन गं, मला काय करायचं तिच्या बाकीच्याचं"). या सगळ्यांत एकट्या आजीने मुद्द्याचं विचारलं, "मंग तू पोलिसात जाशीन का चोरांत?" म्हटलं, आजी, अभ्यासक्रम दोघांचा सारखाच असतो. तिला ते लगेच पटलं.

बाबांनी काहीच विचारलं नाही. पेपर खाली ठेवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मान्यता आहे ना वो?"

बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेत. ज्या कागदाच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकारी हिरव्या शाईने सही करू शकतो तोच कागद, बाकी सगळी रद्दी, असं त्यांचं साधं शास्त्र आहे. मी परसोडीच्या आयटी पार्कात रात्रपाळीला बसून दुसऱ्यांच्या सर्व्हरचं दार कोण कोण वाजवतंय ते बघते, म्हणजे संशय घेण्याचाच पगार घेते. तरी बाबांच्या त्या चार शब्दांनी माझा अख्खा उन्हाळा खाल्ला.

कारण मान्यता एकच नसते. पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठाला किंवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेला, हे यूजीसीच्या १९५६च्या कायद्यातलं कलम २२. तंत्रशिक्षणावर एआयसीटीईची नजर असते, पण विद्यापीठाला स्वतःच्या विभागात असा कोर्स काढायला तिची परवानगी लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००१मध्ये सांगून ठेवलंय. म्हणजे शिक्का नसला तर बोगस, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मग नॅक आणि एनबीए, दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था. दोघींचा जन्म १९९४चा, म्हणून लोक त्यांना जुळ्या समजतात. नॅकची श्रेणी म्हणजे अख्ख्या सावजी भोजनालयाला मिळालेलं प्रमाणपत्र. तिथला पाटवडी रस्सा खाण्यालायक आहे की नाही, ते एनबीए सांगणार. ती एकेक कोर्स वेगळा तपासते. कॉलेजवाल्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो, म्हणून भोजनालयाची पाटी ते रश्शाच्या वाटीवर चिकटवतात. एका माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत 'एनबीए' होतं आणि त्याच्या खाली, भिंगाने दिसेल अशा टायपात, 'साठी अर्ज केलेला आहे'. अर्ज तर मीही केले होते.

यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही काढते. ती बाबांना वाचून दाखवली. त्यात महाराष्ट्राच्या खात्यावर वर्षानुवर्षं एकच नाव असायचं, आणि ते नागपूरचं. मुंबई नाही, पुणे नाही. बाबा दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "पाह्य, म्हणून मी विचारून राहिलो." पण आवाजात थोडा अभिमान होता, असा माझा अजूनही संशय आहे. पुण्याला मागे टाकण्याची संधी विदर्भाला रोज मिळत नाही.

मग मी धरमपेठेतल्या एका कन्सल्टन्सीत गेले. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत एसी, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत मी कशालाही हो म्हटलं असतं. समोर फॉर्म आला. नाव, जन्मतारीख, आधार नंबर, पॅन, आईचं माहेरचं आडनाव. माझ्या कामात याला चोरीचा पूर्ण संच म्हणतात.

"माहितीपत्रक द्यायला आईचं माहेर कशाला?" मी विचारलं.

"सिक्युरिटीसाठी, मॅडम."

मी माहेरच्या रकान्यात 'अमरावती' लिहून फॉर्म परत दिला. त्यांनी तो न वाचता फाईलला लावला.

"मान्यता कोणाची आहे?"

"आयएसओ आहे ना, मॅडम. नऊ हजार एक."

"ते तर लोणच्याच्या कारखान्यालाही मिळतं."

"हाव ना! म्हणजे पाहा, किती कडक असंन."

"डिग्री कोणतं विद्यापीठ देतं?"

"डिग्री नाही, पीजीपी. पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्राम. डिग्रीसारखंच असते."

"सारखंच म्हणजे?"

ते जरा दुखावले. "कन्व्होकेशन होते, मॅडम. गाऊन भेटते. टोपी पण देतो आम्ही."

टोपीबद्दल माझी खात्री पटली होती.

मी तिथे फक्त फोन नंबर खरा दिला होता. त्या दिवसापासून मला देशभरातून फोन येऊ लागले. मी सकाळी सातला रात्रपाळी करून झोपायची आणि साडेनऊला कोणीतरी गोड आवाजात माझी शेवटची सीट ब्लॉक करून ठेवायचं. एकीने नोकरी न सोडता, घरी बसून, शनिवार-रविवारचं ऑनलाइन एम.टेक. देऊ केलं. तिला म्हटलं, ताई, यूजीसीच्या २०२०च्या नियमांप्रमाणे इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन देता येत नाही, एम.एस्सी.ला तशी आडकाठी नाही, पण त्यासाठीही विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या यादीत लागतं. पलीकडे शांतता. मग तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही काउन्सिलिंगमध्ये जॉब करता का? आमच्याकडे व्हेकन्सी आहे."

दरम्यान, गेटची प्रवेशपरीक्षा देऊन एआयसीटीई-मान्य कॉलेजात एम.टेक.ला गेलं तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, हे मी जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. "शिकाचे पैसे देतात?" आयुष्यभर फी भरलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. रात्री त्यांनी गुपचूप कॅल्क्युलेटर काढून त्याला चोवीसने गुणलं आणि बँकेतला मुदत ठेवीचा दर विचारायला सकाळी स्वतः गेले.

मोठ्या काकांना मात्र फॉरेन पाहिजे होतं. त्यांच्या कोणा ओळखीच्याचा मुलगा विलायतेत आहे आणि मजेत आहे, एवढ्या आधारावर. बघितलं तर तिकडचा प्रकार वेगळाच निघाला. ब्रिटनमध्ये सायबर सिक्युरिटीच्या मास्टर्स पदव्या प्रमाणित करायचं काम २०१४मध्ये सुरू केलं जीसीएचक्यूने, म्हणजे तिथल्या हेरखात्याने. पहिल्या यादीत ऑक्सफर्ड, लँकेस्टर, रॉयल हॉलोवे वगैरे होते. आता हे काम त्याच खात्याचं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र बघतं. तिथेही शिक्का अख्ख्या विद्यापीठाला नसतो, त्या एका पदवीला असतो, आणि नव्या कोर्सला आधी तात्पुरता मिळतो. अमेरिकेत विद्यापीठांना 'उत्कृष्टता केंद्र' म्हणून निवडण्यात १९९९पासून एनएसए आहे, म्हणजे पुन्हा हेरच.

काकांनी आवाज खाली आणला. "म्हणजे गुप्तहेर खातं पोरीच्या मार्कलिस्टवर सही करते?"

"तसंच काहीसं."

"मंग ते बायोडाटात नको टाकू. पोराकडचे घाबरतीन."

विलायतेतली मास्टर्स एका वर्षाची असते आणि आपल्याकडे ती पूर्वी बरोबरीची धरत नसत. जुलै २०२२मध्ये दोन्ही देशांत करार झाला तेव्हा ती अडचण सुटली. हे सगळं मी समजावलं. बाबांनी फीचे पाउंड रुपयांत केले आणि विलायतेचा विषय तिथेच संपला. आईने देवापाशी साखर ठेवली.

आईचं मत गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाकडे झुकलं होतं. केंद्राने २०२०मध्ये कायदा करून काढलेलं, तिथे सायबर सिक्युरिटीचं एम.एस्सी. आहे, मान्यतेचा प्रश्नच नाही. पण आईला यातलं काही नको होतं. २०२५मध्ये त्याच्या नागपूर कॅम्पसची पायाभरणी झाल्याचं तिने पेपरात वाचलं होतं. "इमारत होऊ दे, मग जा," ती म्हणाली. "डबा देता येईल."

कागदावर सगळं ठीक असलेलं एक कॉलेज शहराबाहेर सापडलं. प्रत्यक्ष बघावं म्हणून गेले. मे महिन्यात नागपूरच्या मुली स्कूटीवर जशा दिसतात तशी मी दिसत होते, म्हणजे स्कार्फ, गॉगल, पांढरे हातमोजे, चेहरा शून्य. वॉचमनने मान हलवून आत सोडलं. रजिस्टरमध्ये सही करायला लावली, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या आधी आलेल्याने नावाच्या रकान्यात 'स्वतः' लिहिलं होतं आणि कामाच्या रकान्यात 'काम'.

आत 'सायबर रेंज' (म्हणजे सायबर हल्ला-बचावाचा सराव करायची जागा) अशी मोठी पाटी असलेली खोली होती. कुलूप होतं. चावी शिपायाकडे आणि शिपाई तर्री पोहे खायला. मी ऑफिसात बसून राहिले. भिंतीवर लॅमिनेट केलेल्या कागदावर वायफायचा पासवर्ड होता, कॉलेजचं नाव आणि पुढे १२३. हा कागद खिडकीकडे तोंड करून लावलेला होता, बहुतेक पार्किंगमधल्या लोकांचीही सोय व्हावी म्हणून.

अभ्यासक्रम मागितला. डीईएस नावाच्या जुन्या सांकेतिक पद्धतीवर एक पूर्ण युनिट, क्लाऊडवर एक ओळ. डीईएस शिकवू नये असं माझं म्हणणं नाही, इतिहास कळला पाहिजे. पण १९९८मध्ये मुद्दाम बांधलेल्या एका यंत्राने ते ५६ तासांत फोडलं होतं आणि २००१पासून त्याच्या जागी एईएस आहे, हे त्या युनिटात कुठे नव्हतं. विभागप्रमुख सर चांगले होते. हे सांगितल्यावर त्यांनी चहा मागवला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, नॅकच्या कमिटीने हे कधी विचारलं नाही हो." नॅक ते कशाला विचारेल? त्यांनी सगळं भोजनालय बघायचं असतं.

शेवटी एक विद्यापीठ निवडलं. कायदेशीर, एम.टेक., गेटवर प्रवेश, एनबीए, शिक्षकांचे शोधनिबंध खरोखर याच विषयावरचे, माजी विद्यार्थ्यांना फोन केला तर ते शिव्या न देता बोलले. बाबांनी वेबसाईटवरून मान्यतेच्या प्रिंटा काढल्या, पंच करून फाईलला लावल्या आणि फाईलवर माझं नाव लिहिलं. मी ऑनलाइन अर्ज भरला. पाच मिनिटांत त्यांचा मेल आला: नोंदणी यशस्वी, आपला पासवर्ड पुढीलप्रमाणे. आणि खाली माझा पासवर्ड, जसाच्या तसा, उघडा.

आता हे त्याच विभागाचं पोर्टल, जिथे मी पासवर्ड कसे जपून ठेवावेत हे दोन वर्षं शिकणार. राहवलं नाही. पासवर्ड असा मूळ रूपात साठवू नये, मेलने पाठवू नये, आणि त्याऐवजी काय करावं, हे सविस्तर, नम्रपणे लिहून कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. पुढील कार्यवाहीसाठी कृपया आपला यूझरनेम व पासवर्ड याच मेलवर पाठवावा.

मी तो मेल मोठ्याने वाचला. बाबांनी फाईल उघडली, एकेक प्रिंट उलटून पाहिली, पुन्हा बंद केली.

"पाठवून टाक," ते म्हणाले. "मान्यता आहे त्यायले."