मोज्याचं माप

काल पौंड शॉपमध्ये, म्हणजे स्वस्त वस्तूंच्या दुकानात, नाताळचे मोजे बघितले. नाताळच्या आदल्या रात्री मुलं टांगून ठेवतात आणि सांता येऊन खाऊ-खेळणी भरून जातो म्हणतात, ते. लाल मखमल, वर पांढरी झालर आणि उंची माझ्या धाकट्याच्या छातीपर्यंत! हा मोजा की धान्याचं पोतं? होता तिथे परत अडकवला आणि घरी आले.

इंग्लंडमधे, कॉव्हेंट्रीत आल्यावर पहिल्या वर्षी मी असलेच दोन आणले होते. भरायला बसले तर निम्मे रिकामे दिसायला लागले. मग आणखी एक खेळणं, आणखी एक चॉकलेट असं करत दोन मोज्यांनी ऐंशी पौंड गिळले. फेब्रुवारीत सोफा सरकवला तेव्हा त्यातलं बरंचसं खाली सापडलं. पुन्हा दिवाळीत आधीच हात मोकळा झालेला असतो. त्यात इथे बऱ्याच ठिकाणी डिसेंबरचा पगार नाताळाआधीच होतो. खात्यात पैसे दिसले की बरं वाटतं, पण पुढचा पगार थेट जानेवारीअखेरीला. मधले पाच आठवडे कसे काढतो ते आमचं आम्हाला माहीत.

यंदा नवऱ्याचे कामाचे तास कमी झालेत, म्हणून ठरवलं: एका मोज्याला सहा पौंड. आणि मोजा विकत आणायचाच नाही.

(‘आपल्याला कशाला हवाय त्यांचा नाताळ’ असं कुणीतरी खाली लिहिणारच. सात वर्षांच्या लेकीला जानेवारीत वर्गात सगळे विचारणार, तुझ्या मोज्यात काय निघालं? तेव्हा उत्तर तिला एकटीला द्यायचं असतं, तुम्हाला-मला नाही.)

मोजा न आणण्याची अक्कल शेजारच्या आजींनी दिली. ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या लहानपणी पलंगाच्या टोकाला वडिलांचा लोकरी मोजा बांधायचे. अंगठ्याच्या जागी एक संत्रं, वर दोन-चार अक्रोड, एखादं नाणं, संपलं. दुसरं महायुद्ध संपलं तरी गोळ्या-चॉकलेटं रेशनवरच होती, ती थेट 1953 पर्यंत. त्या संत्र्याबद्दल आजी अजूनही असं बोलतात की आपल्या तोंडाला पाणी सुटावं.

हे संत्रं म्हणजे सोन्याचा गोळा, असं म्हणतात. कथा चौथ्या शतकातल्या संत निकोलसची. हे मायराचे बिशप, आजच्या तुर्कस्तानातले. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यापायी अडली होती, तर यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोनं टाकलं. पुढे लोकांनी रंगवून सांगताना ते सोनं वाळत घातलेल्या मोज्यांत पडलं. म्हणजे या मखमली प्रकरणाच्या मुळाशी हुंडा आणि एका बापाची पैशाची ओढाताण आहे. मला हे कळल्यावर फार धीर आला.

तर यंदा नवऱ्याचे कामावरच्या बुटांत घालायचे जाड मोजे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले तर ती किंचाळलीच, “अगं, त्यात खायचं घालणारेस? धुतलेत का तरी?” धुतलेत, आई. दोनदा.

सात-आठ वस्तूंत तो मोजा टम्म फुगतो. टोकाला सत्सुमा, म्हणजे इथलं सैल सालीचं छोटं संत्रं. मग अक्रोड, सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी, तीन गाड्यांचं पाकीट फोडून त्यातली एकेक, चॅरिटी शॉपमधलं (जुन्या, दान आलेल्या वस्तूंचं दुकान) पन्नास पेन्सचं गोष्टींचं पुस्तक गुंडाळी करून, राजगिऱ्याची चिक्की. शिवाय नवा टूथब्रश आणि पायमोजे, जे एरवीही घ्यावे लागणारच होते. प्रत्येक वस्तू वेगळी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची. हे टाळू नका. पोरांना अर्धी मजा कागद टराटरा फाडण्यातच येते.

मला तर यात आपलं बोरन्हाण दिसतं. पोराच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे ओतायचे आणि बाकीच्यांनी झडप घालायची. बोरांचा भाव विचारणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही. त्यांना वेचायला हवं असतं, चाचपडायला हवं असतं. मोठा डबा एकदा उघडला की संपला.

आणि एक विनंती. महागडं काही घेणार असाल तर खुशाल घ्या, पण ते आई-बाबांच्या नावावर द्या, सांताच्या नाही. नाहीतर एकाच वर्गात एकाला सांता टॅब्लेट देतो आणि दुसऱ्याला टूथब्रश. दुसऱ्याच्या आईने काय सांगायचं?

राहता राहिलं गाजर, सांताची गाडी ओढणाऱ्या रेनडिअरसाठी मुलं रात्री ठेवतात ते. नाताळाच्या तोंडावर इथल्या सुपरमार्केटांची भाज्यांवरून अशी चुरस लागते की गाजराची पिशवी काही पेन्सना मिळते. एक रेनडिअरला, बाकीच्यांचा हलवा.

चोवीसच्या रात्री दोन्ही मोजे जिन्याच्या कठड्याला बांधणार. पंचवीसला संध्याकाळपर्यंत रिकामे करून हीटरवर वाळत टाकायला लागतील, कारण सत्सुमा फुटतोच आणि सव्वीसला नवऱ्याची पहाटेची शिफ्ट आहे.