‘खरी उपासना’ नावाच्या फॉरवर्डला उत्तर

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चर्चमधली उपासना मेलेली आहे. खरी उपासना म्हणजे गाणी, तीही हात वर करून, डोळे मिटून, आतून काहीतरी हलेपर्यंत. वाचन, पापकबुली, मतांगीकार (आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं) हा सगळा नुसता कार्यक्रम. छापील प्रार्थना म्हणजे पोपटपंची. पेटी-तबला आणि अभंग हे ‘बाहेरून’ आलेलं. येशूने ‘आत्म्याने व खरेपणाने’ म्हटलंय, मग इमारत कशाला, मोबाईल पुरे. आणि दानाची थैली म्हणजे धंदा. शेवटी ‘आमेन लिहा आणि वीस विश्वासणाऱ्यांना पाठवा’ हे आहेच.

लिहिणारा कोण, ठाऊक नाही. हेतू वाईट असेल असंही वाटत नाही. पण आमच्या तरुण संघातल्या निम्म्या पोरांनी त्यावर आमेन ठोकलंय, म्हणून हा प्रपंच.

गाण्यांपासून सुरू करू, कारण सगळा मेसेज त्याच खुंटीवर टांगलाय. प्रेषितांची कृत्ये २:४२ उघडा. पहिल्या मंडळीचे लोक कशात तत्पर होते? प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. चार गोष्टी, त्यात गाणं नाही. याचा अर्थ ते गात नव्हते असा नाही. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं, त्यात हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, असं नोंदवलंय. पण त्याच वाक्यात पुढे काय आहे? चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथही ते तिथे घेतात. गाणं आणि शपथ एकाच दमात. मेसेजवाल्याने पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

त्याहून महत्त्वाचा कागद साधारण १५५ सालचा आहे. रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकांवरचे आरोप खोडताना रविवारी नेमकं काय चालतं ते सांगून टाकलं. शहरातले आणि खेड्यापाड्यातले सगळे एका जागी येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तितके वाचले जातात. वाचन झालं की अध्यक्ष उपदेश करतो, ऐकलेल्या चांगल्या गोष्टींप्रमाणे वागा म्हणतो. मग सगळे उठून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी पुढे आणतात, अध्यक्ष आपल्या शक्तीप्रमाणे उपकारस्तुती करतो, लोक आमेन म्हणतात. ते वाटलं जातं आणि जे हजर नाहीत त्यांच्या घरी सेवक नेऊन देतात. ज्यांना शक्य आहे ते स्वखुशीने पैसे देतात. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांची सोय होते.

आता रविवारी आपल्या बाकावर बसून क्रम ताडून बघा. वाचन, उपदेश, प्रार्थना, मेज (म्हणजे प्रभुभोजन), दान. हाडांचा सांगाडा तोच आहे. आणि त्या अख्ख्या वर्णनात गाण्याला एक ओळही नाही. ज्याला मेसेजवाला ‘नुसता कार्यक्रम’ म्हणतो, तीच उपासना होती. गाणं तिच्यात आहे, पण ती गाण्यात मावत नाही.

‘आतून काहीतरी हललं पाहिजे’ हे मला जास्त खटकतं. आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी नवरा गेलेली एक ताई दर रविवारी येते. गाताना तिचा आवाज फुटत नाही. तिने काय करायचं? हात वर करून आनंदाचं सोंग आणायचं, की तिची उपासना झालीच नाही म्हणायचं? स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यात रडगाऱ्हाण्याची स्तोत्रं भरपूर आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कसलंही ‘तरीही मी स्तुती करीन’ नाही. ते पवित्र शास्त्रात ठेवणाऱ्यांना उपासना कळत नव्हती का? ज्या दिवशी त्या ताईकडे शब्द नसतात, त्या दिवशी शेजारची मंडळी मतांगीकार म्हणते आणि ती त्यात नुसती उभी राहते. मंडळी असते ती त्यासाठीच. भावना आली तर प्रभूचे आभार, नाही आली तर उपासना रद्द होत नाही. उलट आमोस ५ मध्ये देवच म्हणतो, तुमच्या गीतांचा गोंगाट बंद करा, न्याय वाहू द्या. त्या गाण्यांत सूर आणि जोर कमी होता असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

छापील प्रार्थनांचं उत्तर लहान आहे. शिष्यांनी ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकवा’ म्हटल्यावर येशूने त्यांना शब्द दिले. ती प्रभूची प्रार्थना. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते २२व्या आणि ३१व्या स्तोत्रातलं, म्हणजे लहानपणापासून पाठ असलेलं. डिडाखे नावाचं अगदी सुरुवातीच्या मंडळीचं पुस्तक सांगतं की प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. मेजासाठी ठरलेले शब्दही देतं. आणि लगेच म्हणतं, संदेष्ट्यांना मात्र हवी तितकी उपकारस्तुती करू द्या. दोन्ही एकाच पानावर, आणि भांडण नाही.

आणि उत्स्फूर्त प्रार्थना फार मोकळी असते असं समजणाऱ्यांनी बुधवारच्या प्रार्थनासभेत जरा कान देऊन बसावं. ‘स्वर्गीय पित्या, तू आम्हांला हा दिवस दाखवलास म्हणून आम्ही तुझे आभार मानतो प्रभू, या घडीला प्रभू, या वेळेला प्रभू…’ सुरुवात तीच, शेवट ‘तुझ्या गोड नावात मागतो’ तोच. ते छापलेलं नाही, पाठ झालंय इतकंच. मी हसत नाहीये, मीही तसंच बोलतो. माणसाला ओळखीचे शब्द लागतातच. मग ते शब्द विचार करून निवडलेले असले तर बिघडलं कुठे?

आपल्याकडे हा वाद तसा जुनाच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा पुस्तकातून प्रार्थना म्हणणारे अँग्लिकन आणि पुस्तकाशिवाय करणारी घरं एका बाकावर आली. दोन्ही पद्धती राहिल्या. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण १८२५ साली बिशप हेबर यांनी केलं, पक्के प्रार्थनापुस्तकवाले. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे गीत मुळात त्यांचंच. आपली पोरं ते आता ड्रमवर घेतात तेव्हा त्यांना ते ‘आत्म्याचं’ वाटतं. वाटू दे, आहेच.

पेटी-तबला आणि अभंग ‘बाहेरचे’ हा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. बाहेरचे म्हणजे कुठले? गिटार काय यरुशलेमेहून आली? पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती उपासनेत वाद्यंच नव्हती. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चं बहुतेक ठिकाणी आजही वाद्याशिवाय गातात. ऑर्गन नंतर आला, गिटार त्याहून नंतर. आणि मराठीत? फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. तेव्हाच्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांची पदं आपण आजही ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून म्हणतो. ठाण्यातली आपली बरीच घरं मूळची नगर-जालन्याकडची. आजीच्या तोंडून जे ऐकत विश्वास आला, ते परकं आणि यूट्यूबवरून उतरवलेल्या हिंदी-इंग्रजी ओळी आपल्या, हे गणित मला सुटत नाही. गिटारला माझा विरोध नाही. तिच्यासाठी पेटी बाहेर काढायला आहे.

कॅथलिक बांधवांकडे बघितलं तरी ‘चर्च कधी बदलत नाही’ हा मेसेजमधला टोमणा टिकत नाही. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्टमध्ये एकेकाळी मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषेला दार उघडलं. इतका मोठा बदल झाला, पण वाचन आणि मेज जागच्या जागी राहिलं.

आता मोबाईल. योहान ४ मधली शोमरोनी बाई विचारते, आमचा डोंगर खरा की तुमचं यरुशलेम? येशूचं उत्तर त्या प्रश्नाला आहे: जागा पवित्र असल्याने उपासना खरी ठरत नाही. एकत्र जमू नका, असं त्याने म्हटलेलं नाही. तो स्वतः आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जात होता, लूक ४:१६. आणि इब्रीकरांस १०:२५ म्हणतं की एकत्र मिळणं सोडू नका, काहींची तशी चाल आहे. म्हणजे दांडी मारणारे तेव्हाही होते, नेट नसताना!

लॉकडाऊनमध्ये आपण सगळेच पडद्यासमोर बसलो. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत परत बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्या काळात प्रभुभोजनाला कुणी ब्रेडचा तुकडा घेऊन बसलं, कुणी मारी बिस्किट. त्यावर मी टीका करणार नाही, दुसरा मार्ग नव्हता. पण तेव्हा काय हुकलं ते आठवा. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे दोन मावश्या काळ्या मनुका उकळून रस गाळतात, स्लाइसच्या कडा काढून एकसारखे चौकोनी तुकडे करतात. कितीजण येतील याचा अंदाज त्यांना असतो आणि तो नावांनिशी असतो: दिवा स्टेशनकडचं कुटुंब रेल्वेचा मेगाब्लॉक असेल तर उशिरा, कळव्याच्या आजोबांना जिना जमत नाही, त्यांचं वेगळं काढायचं. उपासना संपल्यावर पाळकसाहेब आणि एक वडील मंडळी ते कळव्याला नेतात. जस्टिनचे सेवक हेच करत होते. लाइव्हस्ट्रीम त्या आजोबांसाठी छान आहे, मी स्वतः त्यांच्या नातवाला लिंक लावून दिली आहे. पण धडधाकट माणसाने आजोबांची सवलत वापरायची आणि वर तिला ‘आत्म्याने व खरेपणाने’ म्हणायचं, हे जास्त झालं.

थैलीबद्दल फार लिहायची इच्छा नाही. हिशेब विचारा, जरूर विचारा. तो मागितल्यावर ज्या मंडळीत तोंडं वाकडी होतात तिथे आणखी मोठ्याने विचारा. पण दान हे उपासनेला बाहेरून चिकटवलेलं नाही, हे वर आलंच. आणि पैशांपुरतंही नाही. कापणीच्या सणाला लोक भोपळा, अंडी, नारळ, घरचं लोणचं आणून वेदीपुढे ठेवतात आणि नंतर त्याचा लिलाव होतो. गेल्या वर्षी एका दुधी भोपळ्याला जी बोली लागली ती ऐकून बाजारातला भाजीवाला चक्कर येऊन पडला असता. घेणाऱ्याने तो परत दिला, पुन्हा लिलाव झाला. मेसेजमधला ‘धंदा’ असा चालत असेल तर तो लवकर बुडेल.

मेसेजमध्ये एक तक्रार खरी आहे, ती मात्र मान्य करायला हवी: कंटाळा येतो. येतोच. पण कुठे येतो ते तरुण संघाने नीट सांगावं. सूचना वीस मिनिटं चालतात, त्यातल्या निम्म्या पत्रकात छापलेल्या असतात. वाचन करणाऱ्याला अध्याय त्याच सकाळी दरवाजात हातात मिळतो, मग हबक्कूकला अडखळणारच. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची जुनी यादी तशीच वाचली जाते, बरे झालेलेही त्यात आणि वारलेलेही. यातलं काहीच गिटारने सुटणार नाही. सूचना पत्रकात टाका, वाचकांची यादी महिनाभर आधी लावा, आजाऱ्यांची वही दर शनिवारी कुणीतरी फोन करून नवी करा. तरुण संघातून दोघांनी नाव दिलं तर वहीचं काम याच शनिवारी सुरू होईल, आणि फोन नंबर माझ्याकडे तयार आहेत.