मागून येणाऱ्याने बघायचं असतं

आज खरं तर लिहिणार नव्हते. दोन तास गाडी चालवून घरी आलेय, कयाक अजून गाडीच्या टपावरच आहे, हाताला माशाचा वास आहे तो लिंबू चोळून पण जात नाहीये. पण डोकं शांतच होईना म्हणून बसले टाईप करत. मोठं होणार आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी फोटोतले दोन मासे बघा आणि पुढे जा.

फोटोत दोन आहेत. तीन असायला हवे होते.

तर बेकर लेक, आमच्या वॉशिंग्टन राज्यातलं डोंगरातलं तळं. पहाटे अडीचला बॉथेलहून निघाले, हायवे 20 वर काँक्रीट गावाच्या अलीकडे डावीकडे वळले (हो, गावाचं नाव खरंच काँक्रीट आहे, सिमेंटच्या कारखान्यांवरून पडलंय), साडेचारला रॅम्पवर, म्हणजे बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर. आणि रॅम्पवर ही रांग! गणपतीच्या आदल्या दिवशी वडखळ नाक्यावर असते ना तशी. ट्रेलरला ट्रेलर लागलेले, कुणाची बोट उतरत नाहीये, कुणी बोटीच्या बुडाचा प्लग लावायला विसरलाय, कुणाचं कुत्रं पाण्यात. शनिवार, जुलै, सॉकआयचा (सॅमनचीच एक जात) सीझन, दुसरं काय होणार. सिएटलचं लेक वॉशिंग्टन सॉकआयच्या मासेमारीसाठी 2006 नंतर उघडलंच नाहीये, त्यामुळे सिएटलच्या बाजूचे सगळे ट्रेलर ओढत इकडेच येतात. मी पण त्यातलीच, मान्य.

सातच्या सुमाराला तिसरा मासा लागला. पंचवीस फूट खोल होता, छान मोठा, दोनदा पाण्याबाहेर उडाला. ज्यांनी सॉकआय धरलाय त्यांना माहितीये की त्याचं तोंड मऊ असतं, जरा लाईन ढिली पडली की हुक फाटून बाहेर. म्हणून मी अगदी हळूहळू आणत होते, हातातली जाळी पाण्यात घातलेली, मासा कयाकपासून एक हातावर. आणि मागून एक भलीमोठी बोट माझ्या बाजूने, वीस फुटांवरून म्हणते मी, वीस फुटांवरून, सुसाट गेली. तिची लाट आडवी आली, कयाक असं कलंडलं की मी एका हाताने जाळी आणि एका हाताने कड धरली, रॉड गुडघ्यात. मासा गेला. आणि तो माणूस मागे वळून हात हलवून काय ओरडतो तर म्हणे, दिसली नाहीस!

दिसले नाही?? डोक्याच्या वर चार फूट उंच भगवा झेंडा लावलाय मी! भगवा! मराठी माणसाला सांगायला नको की तो लांबून दिसतो!

आणि नियम साधा आहे हो, पाण्यावर मागून येणाऱ्याने पुढच्याला टाळायचं असतं, आपल्या बोटीच्या लाटेने काही झालं तर जबाबदारी आपली असते. समुद्राचा असो, तळ्याचा असो. माझे बाबा रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर गरवायला जायचे, त्यांना कुठलं लायसन्स नव्हतं आणि कुठलं नियमांचं पुस्तक नव्हतं, पण शेजारच्याची गरी पाण्यात आहे म्हटलं की दहा हात लांबून जायचे. आवाज पण करायचे नाहीत. आणि इथे दीड-दोनशे घोड्यांचं इंजिन लावलं की तळं बापाचं.

ही माझी पहिली वेळ नाहीये. दोन वर्षांपूर्वी याच तळ्यावर एक माणूस माझ्यावर इतका ओरडला होता की माझी कानशिलं तापली. सगळ्या बोटी वळून बघत होत्या. काय तर म्हणे त्यांची लाईन तुटली माझ्या कयाकमुळे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट माहितीये, गणपतीच्या पॉटलकला सांगितली होती मी, तेव्हा तुम्ही सगळे किती चिडला होतात. एकट्या बाईला बघून, आणि त्यातून आपला रंग बघून, आवाज चढतो यांचा. असं झालं होतं ना बोलणं?

असो. मासे.

लोक विचारतात, कॉस्टकोमध्ये सॉकआय मिळतो तर एवढा आटापिटा कशाला. अरे बाबांनो, मग वडापाव पण फ्रोजन मिळतो. हा मासा गंमतशीर आहे, हा भुकेने गळाला लागतच नाही. बाकीचे बरेच सॅमन छोटे मासे खातात, हा पाण्यातला प्लँक्टन गाळून खाणारा, त्यामुळे त्याचं मांस एवढं लालभडक. त्याला आमिष काय दाखवणार? तर चकचकीत डॉजर (धातूची डुलणारी पट्टी) लावायचा, त्याच्यामागे वीतभर लीडर, म्हणजे दोरीचा तुकडा, त्याला छोटीशी गुलाबी हूची, म्हणजे रबरी माकूळ, दोन हुक, आणि कोळंबीचा नखाएवढा तुकडा. आणि मग हळू. म्हणजे किती हळू, तर तासाला एक मैल. वरातीच्या घोड्यापेक्षा हळू. डॉजर नुसता डुलला पाहिजे, गरगर फिरला की संपलं. मोठ्या बोटींना एवढं हळू जाता येत नाही, मग ते पाण्यात पिशव्या सोडतात बोट ओढून धरायला, पुढे-मागे गियर टाकत बसतात, आणि मी आपली पायाने पेडल मारत आरामात. या एका माशासाठी कयाकवालीला बोटवाल्यापेक्षा सोयीचं आहे, आणि माझं ठाम मत आहे की त्याचाच राग असतो यांना.

उजाडताना मासे वीस फूट खोल असतात, ऊन चढलं की खाली जातात, चाळीस, साठ. म्हणून पहाटेचे दोन-तीन तास सगळ्यांनाच हवे असतात, आणि सगळे त्याच एका पट्ट्यात. गर्दी का होते ते मला कळतं. कळतं म्हणजे सहन करायचं असं नाही.

आणि हो, रॅम्पवर परत आले तर तिथे वेगळीच मैफल. मासे साफ करताना एकजण सांगतोय की ट्राईबवाले (इथले मूळ आदिवासी) अर्धे मासे नेतात म्हणून आपल्याला कमी पडतात. अरे अर्धे नेतात कारण ते त्यांचेच आहेत. सरकारने 1855 च्या करारात हक्क लिहून दिलाय, आणि 1974 मध्ये जज बोल्ट यांनी निकाल दिलाय की पकडण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा त्यांचा. सॉकआय हे नावसुद्धा इथल्या मूळ लोकांच्या हाल्कोमेलम भाषेतून आलंय. वरळी कोळीवाड्यात उभं राहून कोळ्यांना विचारायचं की तुम्ही एवढे मासे का नेता, त्यातली गत! मी काही बोलले नाही तिथे. बोलायला हवं होतं. माझ्या हातात सुरी होती आणि मी आधीच तापलेली, म्हणून म्हटलं नको.

आणि कमी पडतात म्हणे! 1985 साली इथे किती सॉकआय परत आले होते माहितीये? नव्याण्णव. नव्याण्णव हजार नाही, नव्याण्णव मासे. आमच्या सोसायटीत त्याहून जास्त माणसं होती. बेकर नदीवर दोन धरणं, खालचं धरण 1925 चं, वरचं 1959 चं, मासा चढणार कुठून? मग काय करतात, तर खालच्या धरणाच्या पायथ्याशी सापळ्यात धरतात आणि ट्रकमध्ये भरून वर तळ्यात आणून सोडतात. खरंच. मासे ट्रकने येतात. समुद्रातून स्कॅगिट नदीने पोहत यायचं आणि शेवटचा टप्पा एसटीने. पिल्लांना खाली जाताना पण गोळा करून धरणांच्या पलीकडे नेऊन सोडतात. आता हजारोंनी येतात तेव्हा कुठे आपल्याला शनिवारी हौस करायला मिळते. वीज कंपनी, ट्राईब, सरकार, किती जणांनी किती वर्षं घातली एकेका माशामागे, आणि हा माणूस माझ्या एक हातावर आलेल्या माशावरून बोट नेतो.

बघा परत तिथेच आले.

बरं, एक गोष्ट. आता लिहायला घेतलंच आहे तर. दोन वर्षांपूर्वीचं ते, त्या दिवशी माझ्याकडे झेंडा नव्हता. घेतलाच नव्हता तोवर, वाटायचं कशाला ते ध्यान. आणि धुकं होतं. माझं कयाक राखाडी. म्हणजे त्याने मला बघितलं नसेल तर अगदीच त्याचा दोष नाही, एवढं मी म्हणेन. पण ओरडायचं काय कारण? लोक ओरडून बोलतात तेव्हा माझं डोकं बंद पडतं.

मघाशी नवरा झोपायला जाताना म्हणाला, ती गोष्ट पूर्ण लिही मग. तो त्या दिवशी किनाऱ्यावर होता, त्याने बघितलं होतं. मी म्हटलं तू झोप.

तर पूर्ण गोष्ट अशी आहे. त्याने मला बघितलं नाही असा प्रश्नच नव्हता, कारण त्याची बोट थांबलेली होती. मी माझ्या रीलवरचे आकडे बघत होते, किती लाईन सोडलीये ते, मान खाली घालून पेडल मारत. बोट थांबलेली होती कारण त्यांना मासा लागला होता. रॉड एका मुलाच्या हातात होता, नऊ-दहा वर्षांचा असेल, अंगात त्याच्या मापापेक्षा मोठं लाईफ जॅकेट, आणि बापाने जाळी धरलेली. मी त्यांच्या बोटीच्या मागून गेले. लाईन माझ्या कयाकच्या रडरला (सुकाणूला) अडकली आणि खाट करून तुटली. बाप आधी ओरडलाच नाही, तो आधी नुसता हात वर करून थांब थांब करत होता, ते मी बघितलं नाही. ओरडला तो नंतर. मुलगा काहीच बोलला नाही, रॉड तसाच धरून पाण्याकडे बघत राहिला, टोक सरळ झालेलं तरी.

आणि मी सॉरी म्हटलं नाही. पेडल मारत निघून गेले, जोरात, त्या दिवशीचं गळ ओढत फिरणं तिथेच संपलं माझं. लाज वाटली की मी अशीच करते, लहानपणापासून. मग गाडीत बसेपर्यंत ती गोष्ट दुसरीच झाली होती आणि गणपतीपर्यंत तिला रंग पण चढला होता. तुम्ही सगळे माझ्या बाजूने चिडलात, मला बरं वाटलं. त्या माणसाने माझ्या रंगाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. बाकी कितीतरी जणांनी काढलंय, ते खोटं नाही, पण त्याने नाही.

आजच्या बोटवाल्याला माफ केलं असं अजिबात समजू नका. तो चुकलाच. झेंडा होता, ऊन होतं, आणि तो तासाला एक मैलाने जात नव्हता. पण तो "दिसली नाहीस" म्हणाला तेव्हा मागे वळून तरी म्हणाला, हे मला इथवर टाईप करताना लक्षात आलं.

दोन्ही माशांच्या तुकड्या केल्यात. सॉकआयला चरबी कमी, पटकन कोरडा पडतो, म्हणून तळताना रवा लावून तव्यावर फक्त उलटसुलट, आणि डोक्याचं तिरफळ घालून कालवण, आगळ जरा जास्त. उद्या दुपारी कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, चार-पाच जणांचं होईल. रावस समजून खाऊ नका, तो वेगळा.

त्या दिवशी रॅम्पवर कयाक उलटं केलं तेव्हा रडरला त्यांचा डॉजर गुंडाळलेला होता, मागे लीडर आणि हूचीसकट. हुक माशाच्या तोंडातून फाटून निघाला असणार. दुकानात पाच-सहा डॉलरला मिळतो तसलाच डॉजर, पण एका बाजूला हिरव्या नेलपॉलिशचे ठिपके मारलेले, वेडेवाकडे, एक तर पार कडेबाहेर गेलेला. माझ्या डब्यात वरच्या कप्प्यात आहे, दर वेळी डबा उघडला की दिसतो. वापरला नाही कधी.

कयाक उतरवायचंय अजून, नवऱ्याला उठवावं लागेल.