खुलासा : रेपर्टरीचं ॲप म्हणजे डॉक्टर नव्हे

दादर-परळच्या सोसायटी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'होमिओपॅथीवाले तासभर उगाच गप्पा मारतात. रेपर्टरीचं ॲप घ्या, लक्षणं टाका, जास्त गुण मिळालेलं औषध आणा.' हे साफ चूक आहे.

रेपर्टरी ही लक्षणांची सूची. अमेरिकन होमिओपॅथ जेम्स टायलर केंट यांच्या १८९७ च्या रेपर्टरीत प्रत्येक लक्षणापुढे औषधं तीन टाइपांत येतात : ठळक म्हणजे ३ गुण, तिरपं २, साधं १. ॲप फक्त बेरीज करतं. सल्फरसारखी औषधं असंख्य लक्षणांखाली असल्याने बेरजेत सारखी वर येतात. म्हणून पुढे मटेरिया मेडिकात, म्हणजे एकेका औषधाची लक्षणं सांगणाऱ्या ग्रंथात, पडताळावं लागतं.

बेरजेत काय घालायचं, ते डॉक्टर रुग्णाची मुलाखत घेतो, त्या तासभराच्या 'गप्पां'त ठरतं. 'घाम फार येतो.' मे महिन्यात विरार लोकलमधून उतरलेल्या कुणाला येत नाही? किंमत शून्य. पण 'झोपेत डोक्यालाच येतो, उशी भिजते' म्हटलं की डॉक्टरचं पेन चालू लागतं. आणि 'गार पाण्याने त्रास होतो ना?' असं उत्तर तोंडात घालून विचारायचं नसतं.

अर्थात पद्धत काटेकोर पाळली म्हणून औषध लागू पडतं, असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली सांगितलं की, होमिओपॅथी कोणत्याही आजारावर परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. तेव्हा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर ॲप राहू द्या. महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. टीबीची ही तपासणी मोफत होते.