हिटलरच्या सेनापतीची मर्सिडीज आणि केळीचे पैसे

गेल्या काही दिवसांपासून जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एका गाडीची जाहिरात फिरते आहे. उघड्या टपाची जर्मन स्पोर्ट कार, मर्सिडीज 190 एसएल, मॉडेल 1956, फुल रिस्टोअर, किंमत ‘फक्त 38 लाख’. खाली दाव्यांची माळ: हिटलरच्या सेनापतीने वापरलेली, जगात अशा पाचच, नवं डिझेल इंजिन आणि एसी बसवलेला, विंटेज असल्याने टॅक्स नाही, विमा नाही, लग्नांत भाड्याने लावा आणि दोन सीझनमध्ये पैसे वसूल करा. शेवटी तंबी, की अशीच एक मर्सिडीज 1100 कोटींना गेली, तेव्हा विचार करत बसू नका.

फिरणाऱ्या मेसेजांच्या मागे लागायची मला हौस नाही. पण चोपड्याचा माझा भाचा केळीच्या पैशातून दोन लाख टोकन द्यायला निघाला आहे. थांब म्हटलं तर म्हणतो, “मामा, दुसरा कोणी घेऊन जाईन ना!” घेऊन जाऊ दे बाबा.

आधी तो सेनापती. हिटलर मेला 30 एप्रिल 1945 ला. 190 एसएल लोकांनी पहिल्यांदा पाहिली 1954 मध्ये, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, आणि ती बनू लागली 1955 पासून. हे मॉडेल मुळात अमेरिकन गिऱ्हाइकावर डोळा ठेवून काढलं होतं. मेसेजवाला स्वतःच 1956 चं मॉडेल लिहितो. म्हणजे नाझी राजवट बुडून अकरा वर्षं झाल्यावर कोणत्या सेनापतीला, कोणत्या सैन्यातर्फे ही लाडाची दोन सीटची गाडी मिळाली? हिटलर ज्या उघड्या मर्सिडीजमधून हात उंचावत फिरायचा ती 770, कित्येक टनांची अवजड गाडी. तिचा आणि हिचा संबंध मर्सिडीजच्या चांदणीपुरता. आणि समजा असता संबंध, तरी त्या माणसाच्या नावाने गाडीची किंमत वाढते असं ज्याला वाटतं, त्याच्याकडून मी सायकलही घेणार नाही.

‘जगात पाचच’ हे दोन ओळींत संपतं. 1963 पर्यंत 190 एसएल 25,881 बनल्या.

गंमत पुढे आहे. सोबतच्या फोटोतली गाडी 190 एसएल नाहीच. 190 एसएलचे पुढचे दिवे गोल असतात. फोटोत उभट, लांबट काचेचे दिवे आहेत आणि पुढच्या चाकांमागे बाजूला हवा जाण्याच्या जाळ्या आहेत. ती आहे 300 एसएल रोडस्टर, थोरली बहीण. ती गाडी 1957 मध्ये आली, त्यामुळे 1956 चं मॉडेल असूच शकत नाही. एकूण 1,858 बनल्या आणि आज परदेशी लिलावांत त्या दहा लाख डॉलरच्या पुढे जातात. 38 लाखांत एवढ्या किमतीची गाडी कोणी सोडत नाही, निदान शुद्धीत असताना तरी नाही. फोटो एकीचा, नाव दुसरीचं. मग विकायला नक्की काय ठेवलंय?

आता नवं डिझेल इंजिन. मेसेजवाला हे मोठ्या अभिमानाने सांगतो आणि नेमका इथेच स्वतःच्या जाळ्यात अडकतो. केंद्राने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम घातले. त्यानुसार गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी हवी आणि मूळ स्वरूपात हवी. चॅसी (गाडीचा सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. 190 एसएलचं इंजिन 1897 सीसीचं, चार सिलिंडरचं, दोन सोलेक्स कार्बोरेटरचं पेट्रोल इंजिन. ते काढून डिझेल घातलं की विंटेजच्या नोंदणीचा आधारच गेला. शौकिनांच्या बाजारातही मूळ इंजिन नंबर जुळला नाही की भाव कोसळतो. रंग चकाचक करणं आणि रिस्टोअर करणं यात फरक असतो, दादा.

तेच नियम पुढे वाचले तर ‘विमा नाही’ हेही खोटं ठरतं. नोंदणीच्या अर्जालाच विम्याची पॉलिसी जोडावी लागते, आणि गाडी परदेशातून आणलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मेसेजमधल्या ‘विंटेज पासिंग एमएच 19’चा अर्थ मला तरी लागला नाही.

सगळ्यात घातक दावा मात्र लग्नाच्या भाड्याचा, कारण भाच्याचं सगळं गणित त्यावरच उभं आहे. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर निघू शकते. जुना साधा नंबर ठेवला तरी खासगी पासिंगची गाडी भाड्याने लावणं बेकायदाच, आणि वरातीत एखाद्याच्या पायावर गेली तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. शिवाय आपल्याकडच्या लग्नतिथी एप्रिल-मेच्या. भुसावळ-जळगावला पारा 45 च्या आसपास, बँडच्या मागे मुंगीच्या चालीने तासभर गाडी, चारी चाकांना ड्रम ब्रेक. कार्बोरेटरचं इंजिन असल्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन बंद पडू शकतं. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, ते वेगळंच. नवरदेवाला उतरून ढकलावी लागेल.

1100 कोटींचं मात्र खोटं नाही, हे कबूल करतो. मे 2022 मध्ये 1955 ची एक मर्सिडीज 13.5 कोटी युरोला विकली गेली. पण ती 300 एसएलआर कूपे, बंद टपाची, अशा दोनच बनलेल्या, आणि विकणारी खुद्द कंपनी. हिंद केसरीच्या बैलाचा भाव सांगून गोठ्यातलं गोऱ्हं विकण्यातला प्रकार आहे हा.

‘टॅक्स नाही’ हेही अर्धं खरं, तेसुद्धा पुढे गाडी विकली तर लागणाऱ्या टॅक्सपुरतं. स्वतःच्या वापराची मोटार विकली तर त्या विक्रीतल्या नफ्यावर (भांडवली नफ्यावर) कर लागत नाही. पण वापर दाखवावा लागतो. 20 हजारांना घेतलेली 1931 ची फोर्ड 21 लाखांना विकणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ही सवलत नाकारली, कारण त्याने ती स्वतः वापरल्याचा पुरावा नव्हता.

190 एसएल देखणी गाडी आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. खरी असेल तर चॅसीचा नंबर 121 ने सुरू होतो, 300 एसएलचा 198 ने. तेव्हा भाच्याने विकणाऱ्याकडून चॅसी प्लेटचा आणि इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो, जुनं आरसी बुक आणि बिल ऑफ एन्ट्री मागवावं. आली तर गाडी बघायला मी स्वतः सोबत येतो. तोवर एक रुपयाही पाठवायचा नाही, आणि तो मेसेज पुढे ढकलणं तर आजच बंद.