भाकऱ्या थापून आठवण फिकी होत नाही

लातूर-धाराशिवकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "भूकंपाची असो की अपघाताची, वाईट आठवण आली की लगेच कामाला लागा. डोळे 20 वेळा डावी-उजवीकडे फिरवा. मेंदूचे दोन्ही भाग जुळतात, आठवण कायमची पुसली जाते. डॉक्टरची गरज नाही." यात दाणा एकच: कामानं आठवणीची धार उतरू शकते. बाकी भुसा.

"लगेच कामाला लागा." चूक इथूनच सुरू होते. काम आणि आठवण एकाच वेळी चालली पाहिजे. प्रसंग डोळ्यांसमोर धरायला कार्यस्मृती, म्हणजे आत्ता मनात चाललेलं सांभाळणारी स्मृती, लागते आणि तिची जागा तोकडी. त्याच जागेत दुसरं अवघड काम शिरलं की चित्र पुसट होतं, भावनेची धार उतरते. आठवण बाजूला सारून नुसतं काम केलं तर ती टाळली गेली एवढंच. रात्री जशीच्या तशी पुढ्यात.

आणि कामही कुठलंही चालत नाही. भाकऱ्या थापणं, तूर निवडणं, माळ ओढणं ही सवयीची कामं. हात चालतात, कार्यस्मृती मोकळीच राहते. 500 मधून 7-7 वजा करत या: 493, 486, 479... इथं डोकं खर्ची पडतं. पण आकड्यांत इतकं बुडालात की प्रसंग दिसेनासाच झाला, तरीही उपयोग नाही.

प्रयोगांत साधारण असं करतात: प्रसंगातलं एकच, सर्वांत बोचणारं चित्र निवडायचं. त्रास किती, याला 0 ते 10 मध्ये आकडा द्यायचा. चित्र मनात धरून 24 सेकंद काम, 10 सेकंद विसावा, अशा चार-सहा फेऱ्या. मग पुन्हा आकडा.

मेंदूचे दोन भाग जुळण्याचं म्हणाल, तर डोळे वर-खाली फिरवूनही परिणाम दिसतो. गुंतागुंतीची आकृती काढूनही दिसतो. तिथं कुठं आली डावी-उजवी बाजू?

"कायमची पुसली जाते" हे तर नाहीच. काय घडलं ते आठवतंच. त्रासाचा आकडा काहीसा खाली येतो, तोही फरक टिकेलच असं नाही. शिवाय हाच प्रकार सुखद आठवणीवर केला तर तीही फिकी पडते.

राहिली डॉक्टरची गोष्ट. बसस्टँडवरच्या भांडणावर हे करून पाहणं वेगळं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3:56 ला किल्लारीच्या ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाला एकट्यानं ते चित्र उघडायला लावणं वेगळं. चित्र उघडतं, मिटत नाही. छाती धडधडते, भान हरपतं. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी सुरू केलेल्या ईएमडीआर या उपचारात डोळ्यांची हालचाल आहे खरी, पण तिच्याआधी रुग्णाची तयारी, स्वतःला सावरण्याचा सराव आणि समोर प्रशिक्षित माणूस असतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावं. रात्रीबेरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथं मराठीतही बोलतात.